कार्तिक वद्य पंचमी

द्वारका, नवी दिल्ली
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

चि. मयुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

सासूचं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर माझा आवाज चढतो आणि मेसेज मला तोकडे पडतात, म्हणून कागद घेतला. स्पीड पोस्टनं पाठवते आहे. गुरुग्रामला दोन दिवसांत पोचावं.

मी ठीक. दिवाळीपासून हवा इतकी घाण आहे की सकाळचं फिरणं बंद केलं. सोसायटीचा जिनाच दोनदा चढते-उतरते. खोकला आहे, पण तो सध्या इथे सगळ्यांनाच आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीवर ढकललं. चकल्या पोचल्याचा स्वरूपाचा व्हॉइस मेसेज आला: ‘आजी, चकली एकदम मस्त थी.’ मी उलट कळवलं, ‘थी नाही, होती.’ त्यावर तिनं ‘ओके होती’ असं पाठवलं. साडेसहा वर्षांची झाली, तिच्या मराठीकडे लक्ष दे.

आता कामाचं.

विक्रांतला जाऊन येत्या तेरा नोव्हेंबरला तीन वर्षं होतील. मागची दोन्ही वर्षं मराठी मंडळाचे अंबादास गुरुजी नाशिकला मुलाकडे होते, म्हणून मी माझ्या वहीतल्या तिथीला घरीच पान वाढलं. यंदा ते परत आले आहेत. त्यांची वेळ ठरवायला मंगळवारी गेले होते.

मी म्हटलं, ‘मार्गशीर्ष वद्य पंचमी. नऊ डिसेंबर येते. सकाळी या.’

‘गेले कधी ते?’

‘तेरा नोव्हेंबर, बावीस साल.’

त्यांनी कपाटातून जुनं पंचांग काढलं. चष्मा पुसला. ‘ताई, ही कार्तिक वद्य पंचमी. मार्गशीर्ष कुणी सांगितलं?’

‘घाटावरच्या पंडितजींनी लिहून दिलं होतं.’

‘मग त्यांचं बरोबरच आहे. इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पक्षात यांचा महिना आपल्याहून एक पुढे असतो. त्यांचा मार्गशीर्ष तो आपला कार्तिकच. छत्तीस वर्षं दिल्लीत काढलीत, हे तुम्हाला मी सांगायचं?’

खरं तर सांगायला नको होतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ‘तुम्हारा सावन हमसे पंद्रह दिन लेट क्यों?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारायचं आणि कागदावर दोन रेघा ओढून मीच ते समजावून द्यायची. पण दक्षिण सुदानहून विक्रांतला आणायला आठ दिवस लागले होते. घाटावर त्या गृहस्थांनी चिठ्ठी हातात दिली, ती मी न वाचता पर्समध्ये ठेवली आणि तेराव्यानंतर वहीत जशीच्या तशी उतरवली. पुढच्या वर्षी आपल्या मराठी कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष शोधला. नोकरीत तेहतीस वर्षं मी न वाचता एकाही कागदावर सही केली नव्हती.

तेव्हा २०२३ साली तू दोन डिसेंबरला जे वर्षश्राद्ध केलंस, ते योग्य तिथीला झालं होतं. मी महिनाभरानं, ३१ डिसेंबरला केलं, ते चुकीच्या. खालच्या मजल्यावर नव्या वर्षाची गाणी लागली होती आणि मी वर पान वाढत होते.

यंदा ही तिथी रविवारी, ९ नोव्हेंबरला येते. तुझ्याकडे किंवा माझ्याकडे, तू म्हणशील तिथे करू. अळू मी आयएनए मार्केटमधून आणीन.

त्या वेळी बरंच काही बोललं गेलं. त्यात आता शिरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू स्वरूपाला सोडायला येतेस आणि खाली गाडीतच बसून राहतेस. या खेपेला वर आलीस तर बरं.

कळावे,
कुमुदिनी रिसबूड


गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

चि. मयुरा,
आशीर्वाद.

तुझा मेसेज काल दुपारी आला. मी तो चार वेळा वाचला. तुझेच शब्द पुन्हा उतरवते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील.

‘आई, तिथी कळवल्याबद्दल थँक्स. माझं बरोबर होतं हे तुम्ही लिहिलंत. तुम्ही मला काय बोललात त्याबद्दल एक ओळ नाही. असो. खरं सांगू का, मला आता हे करायचंच नाही. जानेवारीतलं काला अंबचं तुमचं भाषण मी मंडळाच्या ग्रुपवर ऐकलं. रजा मंजूर होती आणि त्यानं ती दुसऱ्याला दिली. मला तुम्ही सांगितलं होतं की रजा मिळत नाही. मी आयसीयूमध्ये होते. तो आला नाही. जो बोलावून आला नाही, त्याला मी दर वर्षी पान वाढून का बोलावू?’

पहिल्या भागाचं उत्तर देते.

तुझ्या घरी, तुझ्या आईवडिलांसमोर आणि ऑफिसच्या मैत्रिणींसमोर मी म्हटलं होतं, ‘एक महिना आधीच उरकतेस? त्याच्यातून मोकळं व्हायची इतकी घाई आहे का?’ पान वाढलेलं होतं. तुझी आई म्हणाली, ‘कुमुदिनीताई, कॅलेंडर बघून केलंय हो,’ तर मी म्हटलं, ‘आमच्या घरातलं आम्हाला कळतं,’ आणि चपला घालून निघाले. न जेवता.

ते वाक्य चुकीच्या महिन्याच्या आधारावर होतं. आधार बरोबर असता तरी ते बोलण्याचा मला अधिकार नव्हता. मी तुझी क्षमा मागते. मागच्या पत्रातच हे यायला हवं होतं. ‘बोललं गेलं’ असं मी लिहिलं. बोललं जात नसतं, कुणीतरी बोलतं. मी बोलले.

दुसऱ्या भागाबद्दल इतकंच की तो तिथे कामावर होता. संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीत माणसं मोजकी, विमानात जागा मोजक्या. एका हवालदाराची निकड जास्त होती. सैन्यात असे निर्णय घ्यावे लागतात, त्यात घरच्यांवर राग नसतो. तू शिकलेली मुलगी आहेस, तुला हे समजावं.

शनिवारी स्वरूपाला पाठव. थालीपीठ करते आहे.

तुझी,
आई


रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय मयुरा,

गुरुवारचं पत्र तुला मिळालं असेल. त्याचा पहिला अर्धा खरा आहे. दुसरा अर्धा फाडून टाक.

काल स्वरूपा आली. थालीपीठ अर्धं खाल्लं, लोणी सगळं खाल्लं. मग विक्रांतच्या गणवेशातल्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आजी, बाबाला घरी यायचंच नव्हतं ना?’

मी विचारलं, ‘कोण म्हणालं असं?’

‘मम्मा पुण्याच्या आज्जीला फोनवर सांगत होती. मैंने सुना. बाबाला सुट्टी मिळाली होती, पण त्यानं दुसऱ्या अंकलना देऊन टाकली. आम्ही त्याला आवडत नव्हतो का?’

मी तिला म्हटलं, ‘असं काही नसतं, हात धू.’ तिनं हात धुतले. तू खालून हॉर्न दिलास आणि ती गेली. तेव्हापासून मी या टेबलाशी बसते आणि उठते आहे.

तुला दोष देत नाही. तुला जेवढं माहीत होतं, तेवढंच तू बोललीस. बाकीचं मी तुला माहीत होऊ दिलं नाही.

तुला डेंग्यूनं हॉस्पिटलमध्ये ठेवलं ती बावीस सालची ३१ ऑक्टोबर. तीन नोव्हेंबरला सकाळी प्लेटलेट अठ्ठावीस हजारांवर आल्या आणि तुला आयसीयूत हलवलं. स्वरूपा साडेतीन वर्षांची. तिला शेजारच्या निधीकडे ठेवून मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तुझा फोन माझ्या पर्समध्ये बंद होता. अकराच्या सुमारास माझ्या फोनवर विक्रांतचा फोन आला. आवाज तुटत होता, पण शब्द कळत होते.

‘आई, मयुरा कशी आहे? सच बता.’

‘बरी आहे.’

‘माझी रजा मंजूर झाली आहे. परवाचं विमान आहे. बॅग भरली मी. पण आता कळलं की जागा एकच आहे, आणि इथे आमचा सतबीर आहे, हवालदार. त्याच्या बायकोचे दिवस भरलेत, घरी म्हातारी आई सोडून कोणी नाही. तो बिचारा मागत नाहीये. मी त्याला दिली तर माझी पुढची वीस दिवसांनी येईल. तू सांग. मयुराला बरं नसेल तर मी निघतो, बिल्कुल विचार करणार नाही.’

मी म्हटलं, ‘ताप उतरला. सकाळी पेज प्यायली. मी आहे ना इथे. त्याला पाठव.’

‘पक्का?’

‘पक्का. अधिकाऱ्यानं आधी आपली माणसं पाठवायची असतात, हे मी तुला सांगायचं?’

तो हसला. ‘चलो, मग सतबीर जातो. जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.’

‘वाईट कशाचं?’

‘तुम्हा दोघींना माझी गरजच नाहीये, यार.’

मी म्हटलं, ‘नाहीच आहे. तू तुझं काम बघ.’

मयुरा, समोरच्या काचेपलीकडे तुला नळ्या लावलेल्या मला दिसत होत्या, तेव्हा मी हे बोलत होते.

संध्याकाळी तू शुद्धीत होतीस. विचारलंस, ‘विक्रांत येतोय ना?’ मी म्हटलं, ‘रजा मिळत नाही म्हणाला.’ तू भिंतीकडे तोंड केलंस.

का केलं, ते तीन वर्षांत मी स्वतःला बऱ्याच प्रकारे सांगून पाहिलं. तो काळजीनं खचला असता. त्या हवालदाराचं खरंच अडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की दोन दिवसांत प्लेटलेट चढतील, आणि चढल्याही. यातलं काही खोटं नाही. पण मी खोटं बोलले ते यातल्या कशासाठीच नाही.

विक्रांत नववीत असताना त्याचे वडील गेले. त्यानंतर आपलं कुणावाचून अडत नाही, या एका गोष्टीवर मी उभी राहिले. त्याला तसंच वाढवलं. २०१९ साली माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो जम्मूला होता. मी त्याला कळवलं ते टाके निघाल्यावर, आणि त्या गोष्टीचा मला अभिमान होता. आणि तुझ्यासाठी त्यानं विचारायच्या आत बॅग भरली होती. त्या बाकावर मला ते लागलं. एका आजारी मुलीचा मला हेवा वाटला. साठी ओलांडलेली बाई, आणि हे. तरी लिहिते, कारण तू कारण विचारशील आणि कारण हेच आहे.

पाच तारखेला सतबीर विमानात बसला. तेराला विक्रांत धान्याच्या ट्रकांबरोबर होता आणि रस्त्यावर गोळीबार झाला. रजेवर आला असता तर त्या दिवशी तो गुरुग्रामला तुझ्या स्वयंपाकघरात असता.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत आहे पण तिचा अर्थ माहीत नाही.

सात तारखेला तू घरी आलीस. रात्री त्याचा फोन आला तेव्हा तू त्याला सांगितलंस की तू दोन दिवस आयसीयूत होतीस. मी स्वरूपाला भरवत होते, मला ऐकू येत होतं. मी घास हातात धरून वाट पाहत राहिले की आता तो म्हणेल, ‘पण आईनं तर सांगितलं की तू बरी आहेस.’ तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फोन ठेवून तू चिडून म्हणालीस, ‘नुसता सॉरी सॉरी म्हणत होता. त्याच्या सॉरीचं मी काय करू?’

त्यानं तुला सांगितलं नाही. त्या क्षणी त्याला कळलं होतं की मी त्याला फसवलं. तुझा राग त्यानं स्वतःवर घेतला आणि मला झाकलं. मला त्यानं नंतर फोन केला, दहा तारखेला. खोकल्याचं औषध घेतलं का, गॅस सिलिंडर आला का, इतकंच विचारलं. त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटलं, आला की समोरासमोर बोलू.

तेव्हा ते सॉरी त्याचं नव्हतं. ते माझ्या वाट्याचं होतं आणि त्यानं भरलं.

काला अंबचं सांगते. मंडळाची बस दर चौदा जानेवारीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी जाते, तशी मी गेले. यंदा त्यांनी वीरमाता म्हणून माझा सत्कार ठेवला होता, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. प्रभा जोगळेकरनं माइकवर सांगितलं की या माउलीनं पुत्राला कर्तव्यापासून ढळू दिलं नाही. शाल खांद्यावर आली, समोर दोनशे माणसं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले की माझ्या मुलानं आपली मंजूर रजा आपल्या हवालदाराला दिली. टाळ्या पडल्या. कुणाच्या सांगण्यावरून दिली, कुठल्या खोट्यावर दिली, ते मी बोलले नाही. तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत जाईल हे माझ्या ध्यानातही आलं नाही. म्हणजे आधी मी त्याला येऊ दिलं नाही आणि मग तुझ्या मनात तो येत होता, तेही बंद केलं.

सतबीर आता निवृत्त आहे. मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर आहे. दर वर्षी तेरा नोव्हेंबरला दोन बस बदलून माझ्याकडे येतो, तुपाचा डबा आणतो, फोटोला सलाम करतो आणि वीस मिनिटांत उठतो. त्याला मुलगा झाला. दर वेळी विचारतो, ‘माताजी, मेमसाहब से मिलवा दीजिए. एक बार माफी माँगनी है कि उनकी छुट्टी मैं खा गया.’ दर वेळी मी म्हणते, ‘वो ऑफिस में होती हैं.’ माणूस तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहतो. तो तुला भेटला तर त्याच्या तोंडून निघेल की साहेबानं आधी आईला विचारलं होतं, तो त्या वेळी शेजारीच उभा होता, म्हणून मी त्याला दोन वर्षं टोलवते आहे. त्याचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. त्यानं तुझी माफी मागायचं काही कारण नाही, हे तू त्याला सांगितलंस तर तो ऐकेल. माझं तो ऐकत नाही.

मी सगळं लिहिलं. आता तू मला क्षमा करावीस असं मी मागत नाही. गेल्या पत्रात मागितली होती ती एका वाक्याची. ही मागण्यासारखी नाही. तुझा राग माझ्यावर ठेव. तो माझाच आहे, माझ्या पत्त्यावर आला पाहिजे. त्याच्यावरचा काढून घे.

रविवारी अंबादास गुरुजी साडेदहाला मोकळे आहेत. त्यांना मी तुझा पत्ता देऊन ठेवला आहे. बोलवायचं की नाही ते तू ठरव. मी येणार नाही. तुझ्या घरात तू पान वाढावंस आणि त्या वेळी मी तिथे नसावं, हे मला योग्य वाटतं. पान वाढलं नाहीस तरी माझी हरकत नाही. तो तिथीवर अडून बसणारा नव्हता.

एक मात्र कर, आणि रविवारपर्यंत थांबू नकोस. हे पत्र वाचून झालं की स्वरूपाला जवळ घे आणि सांग की बाबानं बॅग भरली होती. त्याला यायचं होतं. मम्माला बरं नव्हतं म्हणून तो निघाला होता. मग कुणी थांबवलं असं ती विचारेल. ती हुशार आहे, विचारेलच. तेव्हा माझं नाव सांग. तिच्यासमोर मला झाकू नकोस. एकदा कुणीतरी झाकलं, तेवढं पुरे झालं.

पुढच्या महिन्यात तिला पाठवलीस तर मी घरी आहे. नाही पाठवलीस तरी मी घरीच आहे.

त्याला येऊ न देणारी,
विक्रांतची आई